सेकंड

बारा हजार भिशीचे,
दीड हजार बोनसातले उरलेले,
आणि आईने काही न विचारता डब्यातून काढून दिलेले आठशे.
एवढ्यात कॅमेरा बसवायचा.
नव्याची किंमत मी एकदाच विचारली होती, पार्क चौकात,
एसीच्या दुकानात.
पाणी पिऊन बाहेर आले.

इर्शाद शाब्दींचं दुकान नवी पेठेमागच्या बोळात,
अर्धं घड्याळांचं, अर्धं कॅमेऱ्यांचं.
त्यांनी काउंटरवर तीन बॉड्या मांडल्या,
स्थळं दाखवावीत तशा.

"ही एक लाख चाळीस हजार क्लिक चाललीय.
लग्नं लई झाली बघा हिच्याकडनं."
मी मनात भागाकार केला.
एका लग्नाला सातशे धरले तरी दोनशे नवऱ्या,
सगळ्या मान थोडी डावीकडे घ्यायला सांगितलेल्या.

दुसरी फक्त सहा हजार.
कुण्या डॉक्टरांची, कपाटात पडून राहिलेली.
रबर चिकट झालेलं, बटण दाबलं की वर येईना.
न वापरलेलंही झिजतं, हे मला नवीन नव्हतं.
आमच्या चाळीत एक मावशी आहेत.

तिसरीच्या कोपऱ्यांचा रंग उडालेला, पडद्यावर ओरखडा,
पण शटरचा आवाज ऐकला
आणि पुन्हा एकदा ऐकावासा वाटला.

लेन्स मी उजेडाकडे धरली.
सवय आहे.
टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला असते मी,
दिवसाला सहाशे नग ट्यूबलाइटसमोर धरते :
तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेली वीण.
खडूची फुली मारली की माल सेकंडात.

झूमच्या पोटात बुरशी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी.
"ही आपल्याकडची नव्हे," मी म्हणाले.
"इथं कपड्यातलं पाणी टिकत नाही, बुरशी कुठली धरायला?"
शाब्दी चष्मा काढून हसले.
"रत्नागिरीची आहे. पाचशे कमी करतो."

मग पन्नासची.
झूम नाही. जवळ जायचं तर पायांनी जायचं.
आत दोन काचांच्या मधे
एक तंतू, केसाहून बारीक, पांढरा.
हा मात्र इथलाच.
कुठल्या मागावरनं सुटला, कुठल्या फटीतनं शिरला,
आता काचेच्या मधोमध आडवा पडलाय
दुपारपाळी करून आल्यासारखा.

"फोटोत दिसत नाय ओ ताई."
विश्वास ठेवायचा नव्हता म्हणून
भोक सगळ्यात बारीक करून भिंतीचा फोटो काढला.
वर डावीकडे एक ठिपका, तो सेन्सरचा.
फुंकून गेला तर गेला,
नाहीतर माझ्या प्रत्येक आभाळात एक घार राहील.
तंतू खरंच कुठे नव्हता.

बॉडी अकरा, लेन्स साडेतीन.
मी पर्स उलटी केली. चौदा हजार तीनशे.
त्यांनी मोजून घेतले, दोनदा,
आणि वीसची नोट परत सरकवली.
"रिक्षाला राहू द्या."

घरी आई भांडी घासून हात पुसत होती.
आमच्याकडे पहिल्या प्रतीचा टॉवेल कधी आलाच नाही,
किलोवर मिळतो तो सेकंडचा,
कधीकधी माझ्याच हातची फुली
दोन धुण्यांत गेलेली.
मी एक पाऊल पुढे गेले, मग अर्धं मागे.
सुटलेली वीण स्वच्छ आली, एकेक धागा मोजावा अशी,
आणि मागे स्टोव्ह, पिंप, दार
सगळं मऊ होऊन बाजूला झालं.

पडदा तिच्यासमोर धरला.
तिने फोटो पाहिला. टॉवेल पाहिला.
तेलुगूत विचारलं, किती कमी केले त्याने?
दोनशे वीस.
"आत दोरा दिसला होता ना तुला?"
हो.
"मग आणखी तुटले असते."